पल्याडची हजेरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी चौथीपर्यंत शिकलो. शाळा नदीच्या अलीकडे होती आणि वर्गातली नऊ-दहा मुले पलीकडच्या वस्तीवरची. मध्ये पूल नव्हता. दिवाळीनंतर नदीला उतार मिळायचा, मग ही मुले दगडांवरून उड्या मारत यायची. आषाढ लागला की त्यांच्या जागा रिकाम्या. न आलेल्या मुलाच्या नावापुढे गुरुजी हजेरीपटात 'गै' लिहीत, पण पलीकडच्या मुलांपुढे त्यांनी कधी 'गै' लिहिले नाही. तिथे ते 'पा' लिहीत. पा म्हणजे पाणी. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारले, हे काय नवीन? गुरुजी म्हणाले, "साहेब, मूल घरातून निघालंय. नदीनं अडवलंय. त्याला गैरहजर कसं म्हणू?"

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि नोकरीची बहुतेक वर्षे रस्ते आणि पूल यांतच गेली. आज बोलायचे आहे ते मावळातल्या रस्त्यांविषयी आणि नद्या ओलांडण्याविषयी. त्यासाठी कितीतरी आलेख आणि तक्ते मी घेऊन येऊ शकलो असतो. पण निवृत्तीनंतर मागे वळून बघताना वाटते, आमच्या सगळ्या कागदांत जे कधी सापडले नाही ते गुरुजींच्या त्या हजेरीपटात होते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मावळाची ठेवण आधी डोळ्यांसमोर आणा. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते आणि पूर्वेला निघते. कामशेत, इंदोरी, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या दक्षिणेला, मधल्या डोंगररांगेपलीकडे, पवना तशीच पूर्वेला वाहते. उत्तरेकडून आंद्रा येऊन इंद्रायणीला मिळते. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही आपली नावेच खोऱ्यांची आहेत. खोरी पश्चिम-पूर्व पसरलेली, डोंगर तसेच, नद्याही तशाच. आणि या प्रदेशातले सगळे मोठे रस्तेही पश्चिम-पूर्वच गेले आहेत.

हे आजचे नाही. कार्ल्याची लेणी खोदली गेली ती कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटेवर. तिथल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा परगावचा माणूस इथून जात होता. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. 1863 मध्ये रेल्वेने घाट चढला. गेल्या शतकात आधी राष्ट्रीय महामार्ग आला, मग द्रुतगती मार्ग, आणि तो 2002 मध्ये पूर्ण झाला. खोपोली ते कुसगाव हा तेरा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा नवा जोडमार्ग, ज्याला सगळे 'मिसिंग लिंक' म्हणतात, त्याचे काम 2019 मध्ये सुरू झाले. दोन जोड-बोगद्यांपैकी एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा, आणि खोल दरीवरून जाणारा तारांनी तोललेला पूल. पुण्या-मुंबईचे अंतर त्याने सुमारे सहा किलोमीटरने कमी करायचे होते आणि प्रवासाची वीस-पंचवीस मिनिटे वाचवायची होती. मी अभियंता आहे, अशा कामाकडे पाहून माझी छाती भरून येते आणि ते मी लपवणार नाही.

पण हे सगळे रस्ते जाणाऱ्यांचे आहेत, आणि दोन हजार वर्षे ते तसेच राहिले आहेत. मी त्यांना मावळाचे उभे रस्ते म्हणतो. राहणाऱ्यांचे रस्ते आडवे. नदीच्या एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर शेत. एका काठावर गाव, दुसऱ्यावर शाळा, दवाखाना, लोकल थांबते ते स्टेशन. वडगावला तहसील कचेरी, तळेगावला बाजार, आणि कारखान्याची पाळी पकडायची तर ओढा ओलांडून हमरस्त्यावर जायचे. या आडव्या वाटेवर काय मिळते? कुठे फरशी पूल, कुठे मोरी, कुठे ग्रामपंचायतीने घातलेला साकव, आणि कुठे काहीच नाही.

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली, तो हा शिंग्रोबा, अशी लोककथा आहे. आजही कितीतरी चालक तिथून जाताना नाणे टाकतात. मला त्या कथेत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाट आधी होती आणि ती शेरडांमागे हिंडणाऱ्या माणसाला ठाऊक होती. आखणी करणारा त्याला विचारायला गेला. आपण आज विचारतो का?

पूल कुठे बांधायचा हे कसे ठरते ते सांगतो. कारण इथे बसलेल्यांपैकी अनेकांना वाटत असेल की हे फक्त आमदार-खासदारांच्या वजनावर ठरते. वजन लागते हे खरे, पण त्याच्या आधी वाहतूक मोजली जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे रस्त्यावरची वाहने सलग सात दिवस मोजायची असतात, वर्षातून दोनदा, त्यांतली एक मोजणी सुगीच्या आणि मालाच्या चलतीच्या हंगामात. मग सगळी वाहने मोटारीच्या मापात आणतात. मोटार म्हणजे एक. ट्रक किंवा एसटी म्हणजे तीन. दुचाकी अर्धी, सायकल अर्धी, शेतातला ट्रॅक्टर दीड, बैलगाडी तर आठ, कारण ती रस्ता अडवते. पायी चालणाऱ्या माणसाला त्या तक्त्यात आकडाच नाही. डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई, दप्तर घेतलेले पोर, काठी टेकत दवाखान्यात निघालेला म्हातारा, हे मोजणीत शून्य.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. जिथे पूलच नाही तिथे मोजायचे काय? मी तरुण असताना एका कार्यालयाने मला अशाच एका जागेच्या पाहणीला पाठवले. फेब्रुवारी महिना होता. पात्रात घोटाभर पाणी. पाच-सहा सायकली आणि दोन बैलगाड्या गेल्या. मी प्रामाणिकपणे तेवढेच लिहिले आणि प्रस्ताव मागे पडला. ज्या माणसांनी पाण्याच्या भीतीने पलीकडची नोकरी धरली नव्हती, ज्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली होती, ज्या घराने दुधाचा धंदा बंद केला होता, ती माणसे त्या काठावर नव्हतीच, मग माझ्या वहीत कुठून येणार? पूल नसल्यामुळे जी ये-जा होत नाही, तीच त्या पुलाची खरी गरज असते. आणि आमच्या रीतीत नेमकी तीच पकडली जात नाही. गुरुजींचा 'पा' मला त्या दिवशी आठवला असता तर मी तो अहवाल वेगळा लिहिला असता. मला तो वीस वर्षांनी आठवला.

आता कुंडमळ्याविषयी बोलले पाहिजे. हे नाव या सभागृहात उच्चारताना आवाज जड होतो, पण ते टाळून इंद्रायणीवरच्या पुलांविषयी बोलणे खोटेपणाचे होईल.

15 जून 2025. रविवार, दुपार. पावसाने नदी भरून चाललेली. कुंडमळ्याला इंद्रायणी काळ्या कातळातून उतरते आणि पाण्याने गोल कोरलेले रांजणखळगे पाहायला लांबून लोक येतात. तिथला लोखंडी पूल तीस वर्षांहून जुना होता. तो बांधला होता काठावरच्या माणसांसाठी, पायी ये-जा करायला. धोकादायक असल्याचा फलक लागलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर झाले होते, पण जागेवर काम उभे राहिलेले नव्हते. त्या दुपारी पुलावर गर्दी झाली, दुचाकीही चढल्या होत्या, आणि पूल कोसळला. चार माणसे गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली.

अपघातानंतर लोक म्हणाले, पर्यटकांनी फलक वाचला नाही. मी या बोलण्याशी सहमत नाही. फलक म्हणजे पूल बंद करणे नव्हे. पूल बंद करायचा तर दोन्ही तोंडांना दगडी बांधकाम करून वाट बुजवावी लागते, किंवा चढावाचा पहिला गाळाच काढून टाकावा लागतो. पण मग काठावरचा माणूस विचारणार, मी जाऊ कुठून? त्याला दुसरी वाट दिलेली नसते म्हणून पूल खरोखर बंद करण्याचे धैर्य कुणी करत नाही. फलक लागतो आणि माणसे जात राहतात. जुना पूल पाडणे आणि नवा बांधणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. त्यांच्यामध्ये जितके महिने जातात, तितके महिने आपण माणसांना त्या जुन्या लोखंडाच्या भरवशावर सोडलेले असते.

दुसरा मुद्दा भाराचा. पायी चालण्याच्या वाटेवर किती वजन धरायचे हे आपल्याच मानकात लिहिलेले आहे. साधारणपणे दर चौरस मीटरला 400 किलो. आणि जिथे गर्दी होण्याचा संभव आहे, म्हणजे शहराजवळ, तीर्थक्षेत्री, जत्रेच्या ठिकाणी, तिथे 500 किलो. म्हणजे चौरस मीटरमध्ये सात-आठ माणसे खेटून उभी. ज्यांनी हे लिहिले त्यांना आपली जत्रा ठाऊक होती. पण वीस-तीस वर्षांत मावळात एक नवीच जत्रा सुरू झाली. तिला देव नाही, तिथी नाही. पावसाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार हीच तिची तिथी. भुशी धरण, लोहगडाची वाट, पवना धरणाचा काठ, कुंडमळा, जिथे पाणी दिसेल तिथे ती भरते. गावासाठी बांधलेल्या साकवावर शहर येऊन उभे राहते. म्हणून मावळात यापुढे पायी पूल बांधायचा तर तो जत्रेच्या जागेचा पूल समजूनच बांधला पाहिजे, मग पलीकडे वीस घरांची वस्ती का असेना. आणि शक्य तिथे पाणी पाहायला आलेल्यांसाठी काठावर वेगळा, मजबूत कठड्याचा सज्जा द्यावा, म्हणजे ये-जा करणाऱ्यांची वाट मोकळी राहील.

सावित्री नदीची आठवणही अजून ताजी आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा 1928 सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यानंतर त्याच जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. त्या कामगारांचे आणि अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण मी विचारतो, जे काम 165 दिवसांत होऊ शकते, ते माणसे जाण्याआधी का होत नाही? पैसा तोच, यंत्रे तीच, माणसेही तीच. फरक एवढाच की आधी कुणाला घाई नसते.

तपासणीचे म्हणाल तर आपल्याच घाटाचा दाखला आहे. रेल्वे सुरू होऊन चार वर्षे झाली आणि 1867 मध्ये बोरघाटातला एक मोठा दगडी पूल ढासळला. बाहेरून घडीव दगड, आत कच्चा भरणा. त्यानंतर त्या रेल्वे कंपनीने मार्गावरचे इतर दगडी पूल तपासायला घेतले आणि त्यातले कितीतरी पुन्हा बांधावे लागले. एक पूल पडल्यावर बाकीचे सगळे उघडून पाहायचे, ही शिस्त दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगरात शिकली गेली.

मावळात पूल बांधताना पावसाचाही वेगळा विचार करावा लागतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. म्हणजे इंदोरीला ऊन पडलेले असताना वरून लोंढा येऊ शकतो. नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना पाण्याचा रंग बदललेला कळतो. नव्याने आलेल्याला कळत नाही. पूल किती उंच, याचा निर्णय महत्तम पूरपातळीवरून होतो आणि ती पातळी कागदावर शोधण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावी, देवळाच्या कोणत्या पायरीला पाणी लागले होते ते बघावे, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले. आता काठाकाठाने गृहसंकुले होत आहेत, पात्रात भराव पडतो आहे. पात्र आवळले की तेच पाणी वर चढते. मग जुन्या पातळीवर बांधलेला पूल बुडू लागतो आणि आपण पावसाला दोष देतो.

तळेगावकरांचे दुखणे निराळे आहे. 2011 च्या जनगणनेत तळेगाव दाभाड्याची वस्ती 56 हजारांच्या वर होती, लोणावळ्याची 57 हजारांच्या वर. त्यानंतरची वाढ तुम्ही आपल्या डोळ्यांनी बघता. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता इंदोरीजवळ इंद्रायणी ओलांडतो. तो नावाने राष्ट्रीय महामार्ग आहे, 548 डी. पण अवजड कंटेनर, पाळीच्या बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि शाळेला निघालेली सायकल हे सगळे त्याच रस्त्यावर. कारखान्यांवरून वाहतुकीचा अंदाज बांधणे किती अवघड ते आपण पाहिले आहे. 2008 मध्ये तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, 2020 मध्ये बंद पडला, आणि 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. ट्रकांचे आकडे असे चढतात, उतरतात. नदीपलीकडच्या गावाची गरज मात्र तशी उतरत नाही. म्हणून या रस्त्याच्या रुंदीकरणाची मागणी करताना स्थानिकांसाठी बाजूचा वेगळा रस्ता आणि नदीवर त्यांच्यासाठी वेगळी पदपथाची सोय, ही मागणी पहिल्या कागदातच आली पाहिजे. नंतर जोडू म्हणतात ते जोडले जात नाही.

लोणावळ्याविषयी थोडेच बोलतो, कारण तिथले लोक माझ्यापेक्षा चांगले जाणतात. रेल्वे आणि जुना महामार्ग यांनी शहर चिरले आहे. पावसाळ्यातल्या रविवारी स्वतःच्याच गावात दूध आणायला निघालेला माणूस तासभर अडकतो आणि आजाऱ्याला घेऊन निघालेल्या गाडीलाही वाट मिळत नाही. नव्या जोडमार्गाने घाटातला भार हलका झाला तरी लोणावळा पाहायला येणारा लोणावळ्यातच येणार. त्याची मोटार शहराबाहेर थांबवून त्याला बसने आत आणणे, याला मला तरी पर्याय दिसत नाही.

आणि आता उर्स्याजवळ पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याचे दोन्ही भाग येऊन मिळतात. 110 मीटर रुंदीची आखणी आहे. पुन्हा एक जाणाऱ्यांचा रस्ता. मी त्याला विरोध करत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांचाच. माझे म्हणणे एवढेच आहे की असा रुंद रस्ता हीसुद्धा एक नदीच असते. द्रुतगती मार्ग झाला तेव्हा कितीतरी गावांचे शिवार दोन काठांवर गेले आणि भुयारी मोरी लांब पडली की शेतकऱ्याला समोर दिसणाऱ्या खाचरात जायला मोठा वळसा पडला. वडगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघर शिजतो. तो पिकवणाऱ्याला खाचरापर्यंत औत न्यायला सरळ वाट हवी, ही मागणी फार मोठी नाही. पूल, मोरी, भुयारी वाट कुठे हवी ते पायवाट सांगते. नकाशावर काटकोनात रेघ ओढण्याआधी पायवाटा नकाशावर उतरवा. हे काम दोन माणसे आठवड्यात करू शकतात आणि त्याने पुढची पन्नास वर्षे सोपी होतात.

मिसिंग लिंकचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 6,700 कोटी. कुंडमळ्याच्या पुलाला हवे होते आठ. मी हे दोन आकडे एकमेकांविरुद्ध उभे करण्यासाठी सांगत नाही. दोन्ही कामे व्हायला हवीत. पण मोठ्या कामाच्या मागे मंत्रालय असते, सल्लागार असतात, बँका असतात. लहान पुलाच्या मागे कोण असते? एखादा सरपंच, एखादी शिक्षिका, आणि दर सहा महिन्यांनी अर्जाची स्थळप्रत घेऊन कचेरीत जाणारा एखादा निवृत्त माणूस. त्यांच्या हातात आकडे नसतात. म्हणून त्यांचा अर्ज म्हणजे नुसते गाऱ्हाणे ठरतो.

ते आकडे त्यांच्या हातात देता येतील. त्यासाठी सल्लागार नको, मंजुरी नको. मावळातल्या नदीकाठच्या प्रत्येक शाळेने यंदा जूनपासून हजेरीपटात गुरुजींसारखा 'पा' लिहायला सुरुवात करावी. आशाताईंनी पाण्यामुळे दवाखान्यात न पोहोचलेल्या प्रत्येक बाईची आणि बाळाची तारीख लिहून ठेवावी. दूध संकलन केंद्राने पलीकडून न आलेले दूध किती लिटर ते नोंदवावे. आणि प्रत्येक वस्तीने एका रविवारी पुलावर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे उभी होती ते मोजावे. दोन महिन्यांत एवढे कागद तयार होतात. 15 ऑगस्टला प्रत्येक गावात ग्रामसभा असते. त्या सभेत ही वही वाचून दाखवा, ठरावाला जोडा आणि तालुक्याला पाठवा. वही कशी आखायची हे कुणाला हवे असेल तर व्याख्यान संपल्यावर मी इथेच, या टेबलापाशी बसणार आहे. नमुना आणला आहे. प्रत घेऊन जा.